मोरीतली जाऊबाई

माया जाऊबाईचं तोंड पाह्याच्या आधी मी तीन वर्षं तिचा नुसता आवाज ऐकला, अन् तोही मोरीच्या भोकातून. हसू नका. हसाची गोष्ट नाई हाये. बरं, हाये थोडी. पण आधी सारं ऐकून घ्या, मंग हसा.

महाराष्ट्र व्हायच्या आदल्या सालची गोष्ट सांगून राह्यली. मी अंजनगाव सुर्जीची, लग्न होऊन अकोल्याले आली. सासरचं घर जुन्या शहरात, दुमजली, सासऱ्यानं कापसाच्या तेजीत बांधलेलं. ते मी घरात यायच्या आधीच वारले, अन् सासूबाई त्याईच्याही आधी. मागं राह्यले दोघं भाऊ. थोरले महादेवराव, धाकले किसनराव. किसनराव म्हणजे आमच्या घरचे. नाव घेतलं म्हणून आता कोण काय करन मले? एवढी म्हातारी झाली, घेतो नाव.

सासऱ्याच्या माघारी वाटणी झाली. पंच होते नात्यातले भगवंतराव. त्याईले सारखं वाटाचा भारी सोस. वरचा मजला थोरल्याले, खालचा धाकल्याले. लोणच्याच्या बरण्या वाटल्या, गाद्या वाटल्या, इथवर ठीक. पण बैलजोडीही वाटली! उजवा बैल थोरल्याले, डावा धाकल्याले. सांगा बाप्पा, एक बैल घेऊन माणसानं काय त्याच्याशी गप्पा माराव्या? मंग दोघांनीही आपापल्या बैलाले नवा जोडीदार आणला, अन् तिथंच सारा घोळ झाला. पोळ्याले गावात तोरणाखालून पहिली जोडी जाये ती आमच्या सासऱ्याची. तो मान पिढीजात. आता सासऱ्याची जोडी कोणती? हा म्हणे माई, तो म्हणे माई. दोघंही तोरणापाशी अडून बसले. मागं साऱ्या गावाचे बैल झुली घालून उन्हात उभे. तेवढ्यात त्या दोन जुन्या बैलांनी नव्या जोडीदारांले हिसका देला, एकमेकांपाशी गेले अन् मालकांले सोडून दोघंच तोरणाखालून निघून गेले. पोळा फुटला. गाव पोट धरधरून हसलं.

त्या दिवसापासून दोघा भावांचा अबोला. अन् अबोला म्हणजे साधासुधा नाई. मधल्या जिन्याच्या दाराले वरून एक कुलूप, खालून एक कुलूप. वरचे लोक मागच्या बोळातून जात-येत, आमी पुढच्या दारातून. दोघांनीही शपथ घातली, की घरातल्या बाईनंही दुसऱ्या घराशी एक शब्द बोलाचा नाई. माया लग्नाची वरात दारात आली तवा वरच्या खिडक्या लावलेल्या होत्या. मी पदराआडून वर पाह्यलं, एक काळं मांजर तेवढं गच्चीवर बसलं होतं. त्यालेच नमस्कार केला.

नव्या नवरीले घर खायाले उठते. त्यात ह्या घरात बाईमाणूस कोणीच नाई. नवरा दिवसभर वावरात, नाई तं सरकी काढाच्या जिनिंगात कापूस घेऊन. माई माय मी लहान असतानाच गेली, तं माहेराचीही आठवण कोणाची काढाव? एक दिवस भाकर करपली, भाजी खारट झाली, अन् हे काई न बोलता ताटावरून उठून गेले. मी मोरीत जाऊन दार लावलं अन् मनसोक्त रडली.

तं मोरीच्या भोकातून आवाज आला, "कोण रडून राह्यलं व?"

मी म्हटलं, गेली मी, हडळ हाये. पण ती हडळ पुढं म्हणे, "भाजी खारट झाली असन तं कणकीचा गोळा टाकाव त्याच्यात. रडल्यानं मीठ कमी होत नाई."

ती माई जाऊ. मैनाबाई.

झालं होतं असं, की वरच्या न्हाणीचं पाणी भिंतीतल्या बिडाच्या पाइपातून खाली येये, अन् आमच्या मोरीचं भोकही त्याच पाइपाले जोडलेलं. सासऱ्यानं हौसेनं मुंबईहून आणलेला पाइप, काळा, वजनदार, माणसाच्या मांडीएवढा जाड. वरून कोणी खाकरलं तरी खाली सभेतल्यासारखं ऐकू येये. मैनाबाई म्हणे, शपथ जिन्याची हाये, दाराची हाये, खिडकीची हाये, मोरीचं नाव कोणी घेतलं काय? नाई घेतलं. मंग बोल.

तवापासून आमचं रोज दुपारी सुरू झालं. ती वरून पाइपावर लोटा आपटे, की मी खाली जाळी काढून मोरीत तोंड घाले. वास? येये ना वास. अत्तराचा येणार हाये काय तिथं? पण मले सांगा, ज्याले माय भेटून राह्यली ते वास पाह्यते? भरताले वांगं कसं भाजाव, नवरा घुम्या असन तं त्याले बोलता कसं कराव, पोटात दुखलं तं काय खाव, सारं मले त्या भोकानं शिकवलं. माया पोट्ट्याच्या वेळेस सुईण घरात होती खरी, पण मले धीर आला तो पाइपातून आला. अन् तीही बोले. तिचं एक लेकरू लहानपणीच गेलं होतं, त्याच्या गोष्टी सांगे. कोणापाशी बोलली नव्हती ती. ते मी इथं सांगणार नाई, ते तिचं हाये.

आमच्या घरचे विचारत, "तू मोरीत एवढा वेळ काय करून राह्यली?" मी म्हणे, पोट बरं नाई. ते बिचारे दर बाजाराले वैद्याकडून ओव्याचा अर्क आणत. तीन वर्षं मी निरोगी बाई ओव्याचा अर्क पेली.

आता पाइप फुटला. बिडाचं असंच राह्यते, वर्षानुवर्षं काई होत नाई अन् एक दिवस उभी चीर जाते. वरच्यांनी आंघोळ केली की आमची भिंत ओली. सरकीची पोती भिजली, त्याले कोंब आले. आमच्या घरचे कोंब आलेलं पोतं घेऊन रस्त्यावर उभे राह्यले अन् वरच्या खिडकीकडे पाहून मोठ्यानं विजेच्या खांबाले म्हणाले, "काई लोकांच्या आंघोळीवर माया घरात शेती होऊन राह्यली!" वरून महादेवराव मांजराले म्हणाले, "ज्याच्या भिंतीत पाइप, त्याचा पाइप." हे म्हणाले खांबाले, "ज्याचं पाणी, त्याचा पाइप."

भगवंतरावाले बोलावलं. त्याईनं साऱ्या घराची वाटणी केली होती, पाइपच राहून गेला होता. पंच लयच ओशाळले. मंग टोपी काढून डोकं खाजवलं अन् निकाल देला. पाइप आडवा कापाव, वरचा अर्धा थोरल्याचा, खालचा अर्धा धाकल्याचा, ज्यानं त्यानं आपला अर्धा बदलाव.

दोघांनीही मिस्त्री बोलावला. अकोल्यात हे काम जाणणारा एकच, देवीदास मिस्त्री, म्हणून दोघांकडे तोच आला. सकाळी वरच्याचा मिस्त्री, दुपारी खालच्याचा. त्यानं पाइप ठोकून पाह्यला अन् मले म्हणे, "वहिनी, नवीन पाइपाले मी खाली एक वाकडा तुकडा बसवतो. त्याच्यात कायम पाणी भरून राह्यते. वास बंद, झुरळं बंद, आवाज बंद."

मी म्हटलं, "आवाज काऊन बंद?"

"पाण्यातून आवाज येते काय वहिनी?"

मी म्हटलं, आमच्याकडे वास चालते, झुरळंही चालतेत, तू सरळच बसव. तो मायाकडे असा पाहे, जसं माया डोक्यात फरक पडला. पण आमच्या घरच्यांनी वासाचं ऐकलं अन् खुश झाले, "वाकडाच बसव!" म्हणाले. त्या दुपारी मी मोरीत तोंड घालून मैनाबाईले सांगितलं. ती म्हणे, "वच्छले, मंग मी बोलू कोणाशी व?" माया डोळ्यातून धारा लागल्या. भोकात पडून राह्यल्या, कोणाले दिसणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी काम सुरू झालं. जिना बंद, म्हणून देवीदास वरून पाइप हालवे, मंग मागच्या बोळातून, हनुमानाच्या देवळाले वळसा घालून, आमच्या पुढच्या दारानं आत येये, खाली किती हालला ते पाहे, अन् परत वळसा घालून वर जाये. कोणाले आवाज देऊन विचाराची सोय नव्हती. बिचाऱ्यानं रस्त्यातल्या पानवाल्यापाशी चपला काढून ठेवल्या, अनवाणी पळाले सोपं म्हणून. जुन्या पाइपाच्या सांध्यात सुतळी ठासून वरून शिसं ओतलेलं, ते काई निघेना. शेवटी त्यानं वरची फरशी अन् पाटणीच्या फळ्या तोडून भोक मोठं केलं, घागर जाईन एवढं, अन् पाइप कापून वरचा अर्धा उपसून काढला. मंग खाली काय झालं ते पाह्याले बोळातून निघाला.

तेवढ्यात महादेवरावाले शंका आली, की पाइप अर्ध्याच्या खाली कापला, अन् धाकल्यानं आपला हिस्सा मारला. ते वाकून मापाले गेले. ओली फरशी. धप्पकन आवाज झाला, अन् आमच्या मोरीच्या छतातून एक पाय खाली आला.

अख्खा पाय. मांडीपर्यंत. धोतर वरच अडकलेलं. घोट्यात चांदीचं कडं, टाचेले भेगा. मी वरणाले फोडणी देऊन आली होती, ती पळी हातात घेऊन मी त्या पायाकडे पाहात राह्यली. पाय हालला. मी किंचाळली.

आमच्या घरचे धावत आले. त्याईनं वर पाह्यलं अन् कडं ओळखलं. चेहऱ्यावर एक क्षण काळजी आली, खोटं कशाले बोलू. मंग लगेच मिशीवर हात. म्हणाले, "हा पाय माया घरात कोणाले विचारून आला?"

देवीदास धापा टाकत आत आला, पाह्यलं अन् खाली बसला. म्हणे, "एकानं वरून ओढाव लागन, एकानं खालून रेटाव लागन. मी वर जातो. किसनराव, तुमी खालून रेटा." अन् परत बोळातून पळाला.

आता मजा पाहा. मोठ्या भावाच्या पायाले हात लावणं म्हणजे पाया पडणं. अन् पाया पडणं म्हणजे हार. आमच्या घरचे म्हणाले, "मी नाई हात लावत." मी लावू शकत नव्हती, तो माया भासरा. धाकल्या भावाच्या बायकोनं भासऱ्याले शिवणं दूर, त्याच्यासमोर पदर पडू देत नाई. म्या तं पाय पाह्यल्याबरोबर डोक्यावर पदर घेतला होता. पायाले डोळे असतेत काय? पण सवय.

हे जाऊन काठी घेऊन आले अन् टाचेले खालून टोचलं. वरून गर्जना झाली, "मैना! सांग त्याले, काठी ढोराले लावतेत!"

मैनाबाईचा आवाज भोकातून आला, पायाच्या बाजूच्या फटीतून. "मी कोणाले सांगू? शपथ हाये ना."

"शपथ गेली खड्ड्यात! सांग!"

"सांगतो. भाऊजी, काठी लावू नका म्हणतेत."

आमचे म्हणाले, "काय व, वर सांग, दोन्ही हातांनी मांडी धरून पाय वर घ्या म्हणावं, मले काई देणंघेणं नाई."

अशी दोघा भावांनीच आपल्या तोंडानं शपथ मोडली, अन् आमाले एकमेकींशी बोलाले लावलं. आमी दोघी अशा लाजून, अशा दबकत बोललो, की जसं जनमात एकमेकींचा आवाज ऐकला नाई. "जाऊबाई, हे म्हणतेत, वर घ्या." "बाई, ते म्हणतेत, घेता येत नाई." मी मनात म्हणे, वा रे वा, नाटक कंपनीत पाह्यजे होतो आमी. तेवढ्यात मी, फळी चढून पाह्यतो म्हणत, स्टुलावर चढली, अन् वरून मैनाबाई घाबरून ओरडली, "वच्छले, चढू नको व! कालपासून कंबरेत उसण हाये ना तुया!"

पाय हालाचा थांबला.

आमच्या घरच्यांनी मायाकडे पाह्यलं. "तिले तुया उसणीचं कसं मालूम?"

मले खोटं सुचलं असतं. मी लय खोटारडी हाये, तीन वर्षं ओव्याचा अर्क पेलेली बाई. पण छतातून तो पाय लोंबकळून राह्यला, अन् उद्यापासून माया ह्या मोरीतल्या मायच्या तोंडात पाणी भरलेलं वाकडं नळकांडं बसणार, हे डोळ्यासमोर आलं, अन् माया डोक्यात सणक गेली.

"बोलतो आमी!" मी म्हटलं. "लग्न झाल्यापासून रोज बोलतो. मोरीत तोंड घालून बोलतो, घाणीत, कुत्र्यासारखं! तुमच्या बैलांच्या पायी! बैल एकत्र निघून गेले, त्याईले लाज वाटली, तुमाले नाई वाटली. ह्या घरात मायाशी माणसासारखं बोलणारं एकच माणूस, अन् त्याच्यासाठी मले मोरीत वाकाव लागते! आता तेही बुजवा. बुजवा! मी पोट्टं घेऊन अंजनगावले जातो, अन् हा पाय असाच राहू द्या छताले, कंदील टांगा त्याले!"

वर मैनाबाई रडून राह्यली होती. देवीदास वर पोचला होता, त्याचा "अरे देवा" एवढाच आवाज आला.

आमच्या घरच्यांनी काठी भिंतीले टेकवली. आंघोळीचं घंगाळ पालथं घातलं, त्याच्यावर चढले. हात वर केले, मंग खाली घेतले. हात लावणं त्याईच्या जिवावरच आलं. मंग म्हणाले, "हात नाई लावणार मी," अन् डोकं त्या तळपायाखाली घातलं अन् रेटलं.

आता हाताच्या नमस्कारापेक्षा डोक्याचा नमस्कार मोठा, हे त्याईच्या ध्यानात आलं नाई. पण पायाच्या आलं. तळपायाखाली भावाचं टक्कल लागलं, तसे वरून महादेवराव जन्माच्या सवयीनं बोलून गेले, "औक्षवंत हो."

खाली ह्याईचं डोकं पायाखाली तसंच. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मंग वरून आवाज आला, भरलेला, पण चिडलेला, "आता डोस्क्यानं मालिश करून राह्यला काय, गधड्या? जोर लाव!"

"तुमीच जड झाले, दादा," हे म्हणाले, "मी काय करू?"

पाय सुटला. सोलपटला होता, हळद लावली. संध्याकाळपर्यंत दोन्ही कुलपं निघाली, एकाची किल्ली सापडेना म्हणून देवीदासानं छिन्नीनं तोडलं. दोघं भाऊ जिन्यात बसून पोळ्याचं भांडण पुन्हा पहिल्यापासून भांडले, पण आता समोरासमोर, चहा पेत. नवीन पाइपही बसला, वाकड्या तुकड्यासकट. अर्धाअर्धा नाई, एकच सलग. मी कोणाले न सांगता एकदा जाळी काढून "बाई?" म्हणून पाह्यलं. गुळूक, एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिना चढून वर गेली. आता कोणाची बंदी नव्हती. मैनाबाई दारात उभी होती. पाइपातला तिचा आवाज असा दणदणीत, की मी तिले उंचनिंच, धिप्पाड समजत होती. एवढीशी बाई, केस पांढरे, हातात नुसती हाडं. तिनं मायाकडे पाह्यलं अन् तिचं तोंड उतरलं. म्हणे, "तू एवढी पोरगी हायेस काय व?"

तिनं सतरंजी घातली. मी बसली. तिनं चिवडा देला. मी छान झाला म्हटलं. ती म्हणे, तिखट झाला. मी म्हटलं, नाई, बरोबर हाये. मंग संपलं. मायाकडे पाहून तिले आठवत होतं की ह्या एवढ्याशा पोरीले आपण काय काय सांगितलं, अन् तिच्याकडे पाहून मलेही तेच. तिनं पदर सारखा केला. मी बांगड्या फिरवल्या. असं चार दिवस झालं. रोज मी वर जाये, चिवडा खाये अन् खाली येये. घरात सारे बोलून राह्यले, भाऊ भावाशी, देवीदास साऱ्यांशी, भगवंतरावही येऊन बोलून गेले. आमी दोघीच मुक्या. मोरीत रडली नाई एवढी मी त्या चार दिवसांत चुलीसमोर रडली.

पाचव्या दिवशी मी चिवड्याले हात लावला नाई. उठली, जिन्यात जाऊन मधल्या पायरीवर बसली, तोंड खाली करून. मागं तिची पावलं वाजली. ती उतरून माया मागं येऊन थांबली. मी वळली नाई. ती मागच्याच पायरीवर मायाकडे पाठ करून बसली, तिचं तोंड वर, मायं खाली. तिची पाठ माया पाठीले टेकली. गरम होती, अन् नुसते मणके.

तिनं घसा खाकरला.

"वच्छले," ती म्हणे, "काल लेकरू सपनात आलं होतं."

"सांगा बाई," मी म्हटलं.